दशावतारात दुय्यम सोंग कसं निभवावं

दशावतार म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. लिहिलेली संहिता मागू नका, ती नसतेच. आख्यान, म्हणजे त्या रात्रीची पौराणिक कथा, ठरून सोंगं (भूमिका) वाटली की तीनच गोष्टी विचारून घ्या: प्रवेश कोणानंतर, समोर कोण, बाहेर कोणत्या वाक्यावर. तिसरी राहिली की प्रवेश लांबतो, राजा आत खोळंबतो आणि पहाटेचं युद्ध उरकतं घ्यावं लागतं.

रंग स्वतःच लावायचा. आधी खोबरेलाचा अगदी पातळ हात, मग रंग. तेल जास्त झालं तर किनाऱ्याच्या दमट हवेत घामासोबत रंग गळ्यापर्यंत ओघळतो. कमी पडलं तर भुवयांपाशी तडकतो. काजळाच्या भुवया आणि मिशी शेवटी, नाहीतर हात लागून फिसकटतात.

प्रधानाचं खरं काम राजाला पुढचं वाक्य सुचवणं. ‘महाराज, शत्रू वेशीवर आलाय, आज्ञा काय?’ एवढं पुरे. मालवणी बोलीतली गंमत संकासुराला, म्हणजे विनोदी असुराच्या सोंगाला शोभते. प्रधानाने हशासाठी तिकडे वळू नये, राजाचा रुबाब जातो.

पद म्हणणार असाल तर पेटीवाल्याला पट्टी आधीच सांगा. झेपेल तीच, रात्रभर बोलून आवाज बसलेला असतो. युद्धात डोळे समोरच्याच्या तलवारीवर, कान पखवाजावर. रंगमंचावर राजाचं आसन म्हणून ठेवलेल्या मागच्या बाकाचा अंदाज आधीच घेऊन ठेवा. गिरकी घेताना पाय नेमका तिथेच अडकतो.