मतदान न करताच घरी परतू नका. नागपूरकरांनो, या चुका टाळा

१९ एप्रिल २०२४, लोकसभेचं मतदान. आमच्या शेजारच्या काकू माझ्यापुढेच रांगेत होत्या. त्यांची पाळी आली आणि आतून उत्तर मिळालं, "काकू, तुमचं मत तं होऊन गेलं नं!" बोटाला शाई नाही, पण यादीत नावापुढे खूण. त्या निमूट बाहेर निघाल्या. मी त्यांना दारातच थांबवलं.

अशा वेळी घरी परतणं ही सगळ्यात मोठी चूक. केंद्राध्यक्षांकडे 'प्रदत्त मत' मागा. निवडणूक नियम १९६१ मधल्या ४९-पी नियमाने तो तुमचा हक्क आहे. ओळख पटली की यंत्रावर नाही, तर कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात आणि प्रदत्त मतांच्या यादीत तुमची सही घेतात. नेहमीच्या मोजणीत हे मत धरत नाहीत. मात्र निकालाला ४५ दिवसांत उच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं, तर तेच पाकीट पुरावा ठरतं. काकूंनी सही केली, शाई लावून घेतली, मगच बाहेर आल्या.

दुसरी चूक म्हणजे मतदार कार्डावर विसंबणं. कार्ड असून यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. उलट नाव असेल तर आधार, पॅन किंवा वाहन परवानाही चालतो. महालातून हिंगण्याला राहायला गेलात तर पत्ता बदलायचा अर्ज, म्हणजे नमुना ८ भरा. पुष्कळ जण पुन्हा नवीन नोंदणीचा नमुना ६ भरतात, मग नाव दोन ठिकाणी लागतं. शंका असेल तर १९५० ला फोन करा.

पैसे किंवा दारू वाटपाचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवून काही होत नाही, कृपया तो वेळ वाया घालवू नका. भारत निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपमधूनच फोटो काढा, गॅलरीतला जुना फोटो तिथे चालत नाही. नाव न देताही तक्रार करता येते आणि १०० मिनिटांत कारवाईचं उद्दिष्ट असतं.

महापालिकेची निवडणूक मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यामुळे तक्रार तिकडेच द्यावी लागते. तिची यादी विधानसभेच्या यादीतूनच प्रभागांप्रमाणे फोडतात. प्रारूप यादी लागली की आपलं नाव योग्य प्रभागात आहे का ते बघा, नसेल तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या.