राष्ट्राध्यक्ष बदलला की परराष्ट्र धोरण कसं वाचायचं (नवीन पोरांसाठी)

आंतरराष्ट्रीय संबंध घेऊन एमए केलं, आता इथे रत्नागिरीत यूपीएससीवाल्या पोरांना शिकवतो, त्यामुळे दर दोन दिवसांनी कोणीतरी विचारतंच, सर ट्रम्प आला, आता भारताचं काय? अरे, लगेच भारतावर उडी मारू नका. आधीच्याने जे केलं ते कुठल्या कागदावर केलं ते बघा आधी.

ओबामांनी २०१५ ला इराणशी अणुकरार केला पण सिनेटकडे (अमेरिकन संसदेचं वरचं सभागृह) ट्रीटी म्हणून नेलाच नाही, कारण तिथे दोन तृतीयांश मतं लागतात आणि ती मिळणार नव्हती. मग मे २०१८ मध्ये ट्रम्प सरळ बाहेर पडले, इराणवर अमेरिकेचे निर्बंध लागले, नि २०१९ मध्ये आपलं इराणी तेल बंद झालं. पॅरिस कराराचा तर झोपाळा झालाय, ओबामा आत, ट्रम्प बाहेर, बायडन आत, २०२५ ला ट्रम्प परत बाहेर.

याच्या उलट बुश-मनमोहन सिंग अणुकरार बघा. तो अमेरिकन काँग्रेसमधून, म्हणजे त्यांच्या संसदेतून, पास झाला होता, २००६ चा हाइड ॲक्ट आणि २००८ ची मंजुरी, म्हणून पुढे राष्ट्राध्यक्ष कोणीही येवो, टिकला. २००८ ला एनएसजीने, म्हणजे अणुसामग्री पुरवणाऱ्या देशांच्या गटाने, भारताला दिलेल्या सवलतीमुळेच तर फ्रान्सवाले जैतापूरला अणुभट्ट्या लावायच्या गोष्टी करू शकले. आणि बुश २००६ ला आले तेव्हाच आंब्याचं ठरलं, २००७ ला विकिरण करून हापूस अमेरिकेत गेला. मेन्सच्या (मुख्य परीक्षेच्या) उत्तरात हे बिनधास्त लिहा, सगळे क्लासच्या नोट्समधलंच लिहितात, तुमच्याकडे जैतापूर प्रकल्पाचं माडबन नि हापूसचं देवगड आहे ना!

टॅरिफचं मात्र वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्पनी भारतीय मालावर आधी २५ टक्के आयात शुल्क लावलं, वर रशियन तेलापायी अजून २५, आणि त्याला काँग्रेसचं मत लागलं नाही, १९७७ चा आणीबाणीचा जुना कायदा काढला. कोळंबी एक्स्पोर्टवाल्यांची तेव्हा काय हालत झाली ते आपल्या मिरकरवाडा बंदरात जाऊन विचारा, पुस्तकात नाही मिळणार.

नुसती अमेरिका करू नका, मालदीव पण करा. मुइझ्झू २०२३ ला 'इंडिया आउट' म्हणत तिथले राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आधी तुर्कीला गेले मग चीनला, मे २०२४ पर्यंत आपले सैनिक परत. आणि ऑक्टोबरमध्ये? दिल्लीत, ४० कोटी डॉलरच्या करन्सी स्वॅपसाठी, म्हणजे आपलं चलन देऊन तात्पुरते डॉलर घ्यायला. म्हणून उमेदवाराचं भाषण नंतर ऐका, देशावर कर्ज किती नि कोणाचं ते आधी शोधा.