टेस्ट सगळ्या नॉर्मल, तरी मासे का मरतात? रीफ टँकमधल्या या चुका टाळा

सकाळी सहाला हॉलमध्ये आलो तेव्हा रीफ टँकची, म्हणजे मासे आणि कोरल (प्रवाळ) ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीची, लाइट अजून लागायची होती. मोबाइलच्या टॉर्चमध्ये दिसलं ते असं: लायरटेल अँथियस माशाचा नर खडकाच्या कपारीत आडवा, आणि क्लीनर कोळंबी त्याच्या कल्ल्याशी बसलेली. आदल्या रात्री मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) टाकल्यावर हाच सगळ्यांच्या पुढे होता. अंगावर डाग नाही, शेपटी फाटलेली नाही, पोट खपाटीला गेलेलं नाही. मासा काढून टाकला, ऑफिसला गेलो आणि संध्याकाळी टेस्ट केल्या. अमोनिया शून्य, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) १.०२५, पीएच ८.२. होतं असं कधीकधी, म्हणून विषय सोडून दिला.

तीन दिवसांनी एक मादी गेली. त्यानंतर पाच दिवसांनी कोरल ब्यूटी हा मासा.

मग मी जे केलं ते कोणीही करतं. खडकामागे एक लांबलचक ब्रिसल वर्म (केसाळ किडा) दिसला, त्याला आरोपी ठरवून चिमट्याने काढला. निम्मं पाणी बदललं. आणि कॉपरचं, म्हणजे तांब्याचं, औषध आणून झाकण उघडण्यापर्यंत मजल गेली होती. तेवढं केलं नाही म्हणून टँक वाचला.

ब्रिसल वर्म, हर्मिट क्रॅब (शंखात राहणारा खेकडा), गोगलगाई ही मंडळी मढ्यावर येतात, खून करत नाहीत. लहान मासा रात्रीतून मेला तर सकाळी काटासुद्धा उरत नाही, इतकं त्यांचं काम चोख. त्यामुळे "मासाच गायब" झाला असेल तर आधी टँकच्या मागे, कॅबिनेटखाली आणि ओव्हरफ्लोमध्ये (वरचं पाणी जिथून बाहेर पडतं त्या कप्प्यात) शोधा. फायरफिश आणि रॅस हे मासे झाकणातल्या दोन बोटांच्या फटीतूनही उडी मारतात. आणि उलटंही होतं: तळाशी पारदर्शक कोळंबी पडलेली दिसली की घाबरू नका, बऱ्याचदा ती नुसती टाकलेली कात असते. खरी कोळंबी दोन दिवस खडकाआड लपून बसते, मग बाहेर येते.

मेलं कोण यापेक्षा वाचलं कोण ते बघा

कारण शोधताना आपण मेलेल्या माशाभोवती फिरत राहतो. खरं उत्तर टँकमध्ये अजून पोहत असतं.

मासे मरतायत, पण कोळंबी, गोगलगाई आणि कोरल मजेत आहेत? मग दोनच मोठे संशयित: माशांचा परजीवी किंवा ऑक्सिजनची कमतरता. परजीवी असेल तर इतर माशांचा श्वास दिवसाही जोरात चालतो. ऑक्सिजन असेल तर दिवसा सगळं छान आणि मृत्यू पहाटे. शिवाय मोठे, सतत पोहणारे मासे आधी जातात. एका जागी बसणारे गोबी, ब्लेनी मागे राहतात.

कोळंबी आणि गोगलगाई आधी गेल्या, मासे नंतर किंवा गेलेच नाहीत? मग तांब्यासारखा धातू किंवा कीटकनाशक. पॉवरहेडच्या (टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) चुंबकाचं प्लॅस्टिक तडकून आत गंज चढलाय का, प्लंबरने कुठे पितळी जोड बसवलाय का, ते आधी बघा.

सगळेच एका रात्रीत गेले? हीटर अडकला, लाइट गेली, ऑटो टॉप-अपचा (उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राचा) सेन्सर चिकटून वीस लिटर गोडं पाणी ओतलं गेलं, असं काहीतरी ठळक घडलेलं असतं.

नवीन आणलेला मासाच फक्त दोन दिवसांत गेला? तर गुन्हा बहुतेक तुमच्या टँकमध्ये घडलेलाच नाही.

मी अखेर वहीत नोंद केली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जशीच्या तशी देतो:

११ एप्रिल, सकाळी ६. अँथियस नर. डाग नाही. रात्री नीट खाल्लं.
१४ एप्रिल, सकाळी ६.१५. अँथियस मादी. तसंच.
१९ एप्रिल, सकाळी ५.५०. कोरल ब्यूटी. तोंड उघडं, कल्ले ताणलेले.

तिन्ही पहाटे. तिन्ही पोहणारे मासे. दोन क्लाउन, वॉचमन गोबी आणि त्याची पिस्तुल कोळंबी ठणठणीत. माझ्या सगळ्या टेस्ट मात्र संध्याकाळी साडेसातच्या.

संध्याकाळची टेस्ट खोटं बोलते

मुद्दाम नाही बोलत, पण बोलते. दिवसभर कोरल आणि शेवाळ प्रकाशसंश्लेषण करतात, ऑक्सिजन सोडतात, कार्बन डायऑक्साइड वापरतात. संध्याकाळी टँक सगळ्यात निरोगी दिसतो. लाइट बंद झाली की हीच मंडळी माशांच्या बरोबरीने ऑक्सिजन खायला लागतात, आणि उजाडायच्या आधी पाण्यातल्या ऑक्सिजनची पातळी तळाला जाते.

त्यात खाऱ्या पाण्याची मुळातच पंचाईत. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. तापमान ३० अंशांवर गेलं की तो सव्वासहावर येतो. म्हणजे पाणी तापलं की ऑक्सिजन कमी आणि त्याच वेळी माशाची गरज जास्त.

आमच्याकडे एप्रिलमध्ये आई राहायला आली होती. ती हॉलमध्ये झोपायची आणि स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) घरघर तिला सहन होईना. मी रात्री दहा ते सहा स्किमर आणि रिटर्न पंप (ओव्हरफ्लोतून गेलेलं पाणी परत टँकमध्ये आणणारा) टायमरवर बंद केले. पॉवरहेड तर चालूच होता, म्हटलं काय बिघडणार आहे? पण तो मी हॅमर कोरलसाठी खाली वाळूकडे वळवलेला. वर पूर्ण काचेचं झाकण. पुण्यातला एप्रिल, टँक २९.५ अंशांवर. रिटर्न बंद, म्हणजे पाण्याचा वरचा थर ओव्हरफ्लोत ओढला जात नव्हता आणि सकाळी पृष्ठभागावर दुधावर यावी तशी तेलकट साय असायची. ती मला रोज दिसत होती. मी ती टिश्यू पेपरने टिपून काढायचो आणि तेवढ्यावर समाधान.

२० तारखेला पहाटे साडेचारचा गजर लावून उठलो, लाल टॉर्च घेतली. उरलेली अँथियसची मादी पाण्याच्या अगदी वरच्या इंचात, तोंड वर करून धापा टाकत होती. पीएच ७.७. रिटर्न सुरू केला, पॉवरहेड वर वळवला, अर्ध्या तासात ती खाली आली.

तेव्हा पहिली चाचणी ही: एका पहाटे उठा. पीएचशिवाय दुसरं काही किट लागत नाही. पहाटेचा पीएच संध्याकाळपेक्षा अर्ध्या अंकाने खाली असेल, मासे वर येऊन धापा टाकत असतील, तर बाकी सगळे संशयित बाजूला ठेवून हवा वाढवा. स्किमर रात्री कधीच बंद ठेवू नका, तेव्हाच त्याची खरी गरज असते. एक पॉवरहेड असा ठेवा की पृष्ठभाग सतत थरथरत राहील.

नायट्रेट कमी करायला व्हिनेगर किंवा व्होडकाचे थेंब टाकणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. डोस एकदम वाढला की जिवाणू झपाट्याने वाढतात, पाणी दुधाळ होतं आणि ते जिवाणू रात्रीतून ऑक्सिजन पिऊन टाकतात. पाणी दुधाळ दिसलं तर डोस तात्काळ थांबवा आणि एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडा.

औषध टाकायची घाई

मासा मेला की हात आपोआप बाटलीकडे जातो. रीफ टँकमध्ये कॉपर टाकणं म्हणजे ढेकूण मारायला घर पेटवणं. कोळंबी, गोगलगाई, कोरल जातीलच, शिवाय खडक आणि वाळू ते तांबं शोषून घेतात आणि पुढे कितीतरी दिवस थोडं थोडं सोडत राहतात. कॉपर द्यायचंच तर वेगळ्या, नुसत्या काचेच्या टँकमध्ये, टेस्ट किटने रोज मोजत.

पण आधी रोग आहे का, आणि असला तर कोणता, ते ठरवा. अंगावर मिठाच्या खड्यांसारखे सुटे ठिपके म्हणजे बहुधा इच हा परजीवी. तो सहसा हळू चालतो, वेळ देतो. खरा काळ म्हणजे व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी. तो आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आतच मासा जातो. दिसलंच तर पिठी चाळणीतून भुरभुरावी तसं. मासा पॉवरहेडच्या प्रवाहात तोंड देऊन उभा राहतो, प्रकाश टाळतो, खाणं सोडतो, आणि तीन-चार दिवसांत टँक रिकामा. अशा वेळी उरलेले सगळे मासे बाहेर काढून उपचार करावे लागतात. एकच आजारी मासा काढून भागत नाही. मग मुख्य टँक माशांविना ठेवायचा. इचसाठी रीफवाल्यांमध्ये ७६ दिवसांचा हिशोब रूढ आहे. क्लाउनच्या अंगावरून शेंबडासारखा पांढरा थर सुटत असेल तर ब्रूकलिनेला या परजीवीचा संशय घ्या, त्यावर कॉपरचा उपयोग नाही.

ग्रीन क्रोमिसचा कळप आणला आणि दर आठवड्याला एक कमी होतोय, ही तक्रार तर नेहमीची. कधी आपसातली मारामारी असते, कधी कुशीवर लालसर जखम करणारा युरोनेमा हा परजीवी. तो टँक रिकामा ठेवूनही जात नाही, कारण त्याला जगायला मासा लागतच नाही. माझं मत विचाराल तर क्रोमिस स्वस्त मिळतात म्हणून सातचा कळप आणूच नका.

घरातलं विष

स्किमर खोलीतली हवा ओढून लाखो बुडबुड्यांनी पाण्यात मिसळतो. खोलीत जे असेल ते टँकमध्ये जातं. डासांच्या लिक्विड मशीनमधली ट्रान्सफ्लुथ्रिनसारखी रसायनं पायरेथ्रॉइड गटातली. माणसाला फारशी बाधत नाहीत, पण मासे आणि कोळंबी यांच्यासाठी जहाल. पावसाळ्यात खिडक्या बंद, मशीन कॅबिनेटशेजारच्याच सॉकेटला, असं दृश्य मी कितीतरी घरांत पाहिलंय. सोसायटीचं पेस्ट कंट्रोल, नवा रंग, दिवाळीचा धूर यांचंही तेच. त्या दिवशी स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर सोडा आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन (पाणी शुद्ध करणारा कोळसा) नवा टाका. हाताला डासांची क्रीम किंवा सॅनिटायझर लावून टँकमध्ये हात घालणं हाही त्यातलाच प्रकार.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या येत असतील तर माशांचं नंतर बघू, आधी मेन स्विच बंद करा. सगळी उपकरणं ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) हवीत आणि अर्थिंग खरंच जोडलेलं आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या.

पाकीट उघडण्याचा क्षण

चेन्नईहून रात्रभर प्रवास करून आलेला मासा. आपण मोठ्या मायेने पाकीट उघडतो आणि दोन तास थेंब थेंब पाणी सोडत बसतो. इथेच तो मरतो. बंद पाकिटात माशाचा अमोनिया साठत असतो, पण श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच ७ च्या आसपास उतरलेला असतो आणि त्या पीएचला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पाकीट उघडलं की वायू उडून जातो, पीएच चढतो. पीएच एका अंकाने चढला की विषारी अमोनिया जवळपास दहापट. आपली माया म्हणजे त्या पाण्यात दोन तास उकडणं.

लांबून आलेल्या माशासाठी सोपं आहे: पाठवणाऱ्याला आधीच सॅलिनिटी विचारा, क्वारंटाइन टँक (नव्या माशाला आधी ठेवायचा वेगळा टँक) त्याच सॅलिनिटीचा तयार ठेवा, पाकीट वीस मिनिटं तरंगवून तापमान जुळवा, उघडा आणि मासा लगेच हाताने किंवा डब्याने उचलून सोडा. पाकिटातलं पाणी फेकून द्या. जवळच्या दुकानातून अर्ध्या तासात आणलेल्या माशाला हा नियम लागू नाही, तिथे सावकाश जुळवलंत तरी चालतं.

चांगला खाणारा नवा मासा दोन-तीन आठवड्यांनी अचानक गेला तर सायनाइडने पकडलेला असण्याची शक्यता उरते. फिलिपाइन्समध्ये १९६० च्या दशकात ही पद्धत सुरू झाली आणि ती आजही पुरती थांबलेली नाही. त्यावर घरी काही इलाज नाही. म्हणून क्लाउनसारखे हॅचरीत वाढवलेले मासे मिळत असतील तर दोनशे रुपये जास्त द्या.

मोजमापाची गफलत

तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरवर भरवसा ठेवू नका, काट्याला दोन बुडबुडे चिकटले की तो सॅलिनिटी जास्त दाखवतो. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरून सॅलिनिटी मोजणारं साधन) घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने कॅलिब्रेट करा. नुसत्या आरओ पाण्यावर शून्य जुळलं म्हणजे वरचा आकडा बरोबर असेलच असं नाही. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी गोड्या आरओ-डीआय (फिल्टर आणि रेझिनने क्षार काढलेल्या) पाण्यानेच भरा. मीठ उडून गेलेलं नसतं. उन्हाळ्यात टेबल फॅन लावला की रोज दोन-तीन लिटर सहज उडतं. सोसायटीत टँकरचं पाणी यायला लागलं की टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आठवड्याला बघा, डीआय रेझिन भराभर संपतं.

जुहूहून कॅनमध्ये पाणी भरून आणायचा मोह पावसाळ्यात तर अजिबात नको, नद्या-नाल्यांनी किनाऱ्याचं पाणी पातळ आणि गढूळ झालेलं असतं. आणि मालवणच्या किनाऱ्यावरून "लाइव्ह रॉक" (जिवंत जीव चिकटलेला समुद्री खडक) उचलून आणणाऱ्यांसाठी: प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. शिवाय वाटेत सुकलेल्या खडकावरचे जीव तुमच्या टँकमध्ये कुजतात आणि अमोनियाने जुने मासेही घेऊन जातात. झोअँथिड (कोरलसारखे जीव) चढलेला खडक "निर्जंतुक" करायला उकळू तर कधीच नका, त्यातल्या पॅलिटॉक्सिन या विषाच्या वाफेने माणसं हॉस्पिटलात गेली आहेत.

जुन्या टँकमधली खोल वाळू एका रविवारी उत्साहाने ढवळणं हीसुद्धा अशीच चूक. सडक्या अंड्यांचा वास आला तर हायड्रोजन सल्फाइड सुटलाय, हात थांबवा, कार्बन टाका, हवा वाढवा.

आमच्याकडे पुढे दोन गोष्टी बदलल्या. दर गुरुवारी लाइट जाते म्हणून बॅटरीवर आपोआप सुरू होणारा एअर पंप घेतला. आणि पलंग आतल्या खोलीत हलवला. आईची तक्रार आता एवढीच आहे की तिकडे झोप लागते, पण टीव्ही नाही.