मोबाइलवरचे चित्र आणि वेगळा ध्वनिमुद्रित केलेला आवाज हळूहळू विस्कटत असेल तर : माझा अनुभव

घरीच मित्रांसोबत लघुपट चित्रित करताना आम्ही दृश्ये मोबाइलवर आणि संवाद वेगळ्या रेकॉर्डरवर घेतले होते. संकलनात, जुळवणीसाठी शॉटच्या सुरुवातीला वाजवलेल्या टाळीच्या खुणेवर दोन्ही नीट जुळवूनही नऊ मिनिटांच्या सलग शॉटच्या अखेरीस ओठ मिटल्यानंतर शब्द ऐकू येत. ध्वनीची पट्टी सरकवली, जागोजागी कापली, तिचा वेगही किंचित बदलला. एक जागा जुळली की दुसरी बिघडे. दोन रात्री त्यात गेल्या आणि मी हताश झालो.

दोष ध्वनीत नव्हताच. फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये चित्राची फाइल उघडल्यावर ‘फ्रेम रेट मोड’समोर ‘व्हेरिएबल’ दिसले. म्हणजे मोबाइल दर सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम, म्हणजे स्थिरचित्रे, नोंदवत नव्हता (प्रकाश कमी झाला की अनेक मोबाइल ही संख्या घटवतात), आणि संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र ती स्थिर धरून चालले होते.

मूळ फाइल जपून ठेवून तिची प्रत हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, ‘व्हिडिओ’ विभागात फ्रेमरेट ३० निवडला, त्याखालचा ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ हा पर्याय घेतला, गुणवत्ता आरएफ १८ (आकडा जितका लहान तितकी गुणवत्ता जास्त) ठेवली आणि रूपांतर केले. त्यानंतर नवा प्रकल्प ३० फ्रेम आणि ध्वनीसाठी ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर उघडून टाळी पुन्हा जुळवली. हे रूपांतर कापाकापीच्या आधीच करावे, नाहीतर केलेले सारे काप पुन्हा तपासावे लागतात.

शॉटच्या शेवटी मैत्रीण दाराची कडी लावते. आता कडी बसते त्याच फ्रेमवर कडीचा आवाज येतो.