प्रोटीन पावडर घेताना या चुका टाळा

भरतीची तारीख जवळ आली की बेळगावातल्या सप्लिमेंटच्या दुकानांत गर्दी वाढते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र शहरातच आहे, त्यामुळे गावोगावची पोरं पहाटे पळायला उतरतात. त्यांच्या जोडीला तालमीतले पैलवान असतात आणि पंधरा दिवसांपूर्वी जिममध्ये नाव घातलेले नवखेही. सगळ्यांचा प्रश्न एकच: "कुठला डबा भारी?" डबा फिरवून मागची बारीक अक्षरं मात्र फार थोडे वाचतात. खरी माहिती तिथंच असते.

वजन वाढवायचं म्हणून गेनर घेणं

गेनर म्हणजे वजन वाढवण्यासाठी विकली जाणारी पावडर. सगळ्यांत जास्त पैसे इथं वाया जातात. खानापूरकडच्या एका भरतीवाल्या पोराचं उदाहरण घ्या. वजन ५२ किलो, हातात तीन महिने. कुणीतरी सांगितलं, "अंग धरायचं तर गेनर घे." दुकानात ३ किलोची गेनरची पिशवी १,५०० रुपयांना होती आणि शेजारी १ किलोचा व्हे प्रोटीनचा (चीज करताना दुधातून सुटणाऱ्या पाण्यातल्या प्रोटीनचा) डबा २,००० रुपयांना. पिशवी मोठी आणि स्वस्त, म्हणून तीच घेतली. एक संपली की दुसरी. काट्यावर वजन वाढलं खरं, पण सगळं पोटावर. १.६ किलोमीटरच्या धावेची वेळ आधीपेक्षा वाईट झाली आणि शेवटच्या फेरीत धाप लागायला लागली.

त्या पिशवीच्या मागे लिहिलं होतं: १०० ग्रॅममध्ये प्रोटीन १५ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ७५ ग्रॅम. म्हणजे ३ किलोत प्रोटीन फक्त ४५० ग्रॅम, आणि एक ग्रॅम प्रोटीन पडलं ३ रुपये ३३ पैशांना. व्हेच्या डब्यात १०० ग्रॅमला ७५ ग्रॅम प्रोटीन होतं, किलोला ७५० ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला २ रुपये ६७ पैसे. स्वस्त वाटलेली पिशवीच महाग निघाली. उरलेला बहुतेक माल माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली, साखरेइतकीच झटकन पचणारी पावडर.

आता घरचा हिशेब बघा. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि ६८ ग्रॅम कार्बोहायड्रेट असतं. तेवढ्या पिठाच्या भाकऱ्या आणि पाव लिटर दूध घेतलं की प्रोटीन १८ ग्रॅमवर जातं. १०० ग्रॅम गेनरपेक्षा जास्त, आणि किंमत त्याच्या निम्म्याहून कमी. ज्याला खरोखर जेवण जात नाही, दिवसातून दोन-तीन तास अंगमेहनत आहे आणि वजन हलत नाही, त्याच्यापुरता गेनरला अर्थ आहे. बाकीच्यांनी भाकरी वाढवावी.

स्कूपवरून तुलना करणं

स्कूप म्हणजे डब्यातला मापाचा चमचा. एका डब्यावर स्कूपमागे "२४ ग्रॅम प्रोटीन", दुसऱ्यावर "२५ ग्रॅम". लोक दुसरा उचलतात. पण पहिल्याचा स्कूप ३२ ग्रॅमचा आणि दुसऱ्याचा ४५ ग्रॅमचा असेल तर पहिल्यात प्रोटीन ७५ टक्के आणि दुसऱ्यात जेमतेम ५६ टक्के. म्हणून "१०० ग्रॅममध्ये किती" हा रकाना बघायचा, नसेल तर मोबाइलवर भागाकार करायचा. मग किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन. दोन मिनिटं लागतात, आणि ती द्यायला तयार नसलेल्या माणसाला दुकानदार काहीही विकू शकतो.

त्याच वेळी कॅलरीही जुळवून बघा. प्रोटीन आणि कार्बोहायड्रेटच्या प्रत्येक ग्रॅमला ४, फॅटला ९. स्कूपमध्ये ही तिन्ही अनुक्रमे २४, ३ आणि २ ग्रॅम असतील तर ९६ अधिक १२ अधिक १८, म्हणजे १२६ कॅलरी. लेबलवरचा आकडा यापासून खूप लांब असेल तर तो डबा परत ठेवा.

आणखी एक खूण. साधं व्हे कॉन्सन्ट्रेट, म्हणजे कमी गाळलेलं व्हे, जास्तीत जास्त ८० टक्क्यांच्या आसपास प्रोटीनचं असतं. कोको आणि फ्लेवर घातल्यावर आणखी उतरतं. घटकांत नुसतं कॉन्सन्ट्रेट आणि पुढच्या बाजूला "३० ग्रॅममध्ये २७ ग्रॅम" लिहिलं असेल तर ते ९० टक्के झालं. तेवढं आयसोलेटमध्येच, म्हणजे जास्त गाळून शुद्ध केलेल्या व्हेमध्येच, मिळतं.

घटकांची यादी न वाचणं

यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेली असते. पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन किंवा साखरेचं असेल तर तो प्रोटीनचा डबा राहिला नाही. यादीत ग्लायसीन, टॉरीन किंवा क्रिएटीन (नायट्रोजन असलेले, वरून मिसळलेले पदार्थ) दिसलं तर जास्तच सावध व्हा. प्रोटीन मोजताना लॅब आधी नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ नं, दुधाच्या पदार्थांसाठी ६.३८ नं, गुणते. ग्लायसीनमध्ये नायट्रोजन १८.७ टक्के असतो, म्हणून १ ग्रॅम स्वस्त ग्लायसीन कागदावर जवळजवळ १.१७ ग्रॅम "प्रोटीन" दाखवतं. स्नायूला त्याचा व्हेसारखा उपयोग होत नाही. पडताळायला ल्युसीनचा (प्रोटीनमधल्या एका अमिनो आम्लाचा) आकडा शोधा: खऱ्या व्हेमध्ये २४ ग्रॅम प्रोटीनमागे तो साधारण अडीच ग्रॅम असतो. बराच कमी असेल किंवा ल्युसीन वेगळं घातल्याचं यादीत लिहिलं असेल, तर तो डबा नको.

सुटी पावडर आणि ओळखीतला स्वस्त डबा

प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दिलेली सुटी पावडर घेऊ नका, कुणीही दिली तरी. गोव्याहून किंवा कोल्हापूरहून ओळखीनं आलेल्या डब्यावरही १४ आकडी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक हवा. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता हवा. बॅच नंबर आणि तारीख डब्यावर छापलेली असावी. झाकण उघडल्यावर आतलं सील शाबूत नसेल तर तिथंच परत करा. दुकानदारानं लॅब रिपोर्ट दाखवला तर त्यावरची बॅच डब्याशी जुळते का एवढं आधी बघा.

स्पर्धा खेळणाऱ्या पैलवानांनी तर कुठल्याही डब्यावर डोळे झाकून विश्वास टाकू नये. डोपिंग चाचणीत काही सापडलं तर जबाबदार खेळाडूच धरला जातो, डबा विकणारा सुटतो. बंदी असलेल्या पदार्थांसाठी बॅचवार तपासलेला मालच त्यांनी घ्यावा.

आधी जेवण न मोजणं

६० किलोच्या, रोज कसून व्यायाम करणाऱ्या पोराला किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर ९६ ग्रॅम प्रोटीन लागतं. २०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या २०, अर्धा लिटर दूध १६, १०० ग्रॅम कोरड्या हुलग्यांची उसळ २२, ५० ग्रॅम शेंगदाणे १२, दोन अंडी १२. झाले ८२. उरले १४, म्हणजे पाऊण स्कूपसुद्धा लागत नाही. दिवसाला तीन स्कूप घेणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. वहीत आठवडाभर जेवण लिहिल्याशिवाय डबा घेऊच नये, हे माझं ठाम मत आहे.

बारीकसारीक

दूध पचत असेल तर आयसोलेटसाठी जादा पैसे देऊ नका. गॅस होत असेल, पोट बिघडत असेल तर मात्र द्या, कारण त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, नगण्य असतं.

उकळत्या दुधात पावडर टाकली की गुठळ्या होतात. प्रोटीन वाया जात नाही, पण पिववत नाही. दूध कोमट होऊ द्या. शेकरमध्ये आधी दूध, मग पावडर.

स्कूपवर विसंबू नका. दाबून भरला की वजन बदलतं, म्हणून पहिल्या दिवशी काट्यावर तोला.

किडनीचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

खानापूर, जांबोटी पट्ट्यात पावसाळाभर हवा दमट असते. तिथं २ किलोचा मोठा डबा घेऊ नका, अर्ध्या किलोचा घ्या. ओला चमचा आत घालू नका, आतली सिलिका जेलची पुडी फेकू नका, डबा चुलीजवळ किंवा गॅसजवळ ठेवू नका. नुसती गुठळी झाली आणि बोटानं फुटली तर पावडर चालते. आंबट किंवा कुबट वास आला, रंग बदलला, तर सगळा डबा टाकून द्या.