‘कारण’ लिहिलंय, म्हणजे ते कारणच असतं का?

मजकुराचे तुकडे एकमेकांशी कोणत्या नात्याने बांधलेले असतात, ते उकलून बघू. त्यासाठी रावेर-यावलकडचा एखादा केळीवाला गावच्या ग्रुपवर टाकेल असा मजकूर घेऊ. रचलेला मीच आहे.

‘मे महिन्यात वारा सुटला की घड लागलेली केळी आडवी होते, कारण सगळं वजन वरती असतं. म्हणून बागेच्या कडेने शेवरी लावा. शेवरी थोडी जागा खाते खरी, पण वारा अडवते.’

आधी तुकडे पाडा. साधारणपणे एका क्रियापदाला एक तुकडा: (१) वारा सुटला की, (२) केळी आडवी होते, (३) वजन वरती असतं, (४) शेवरी लावा, (५) जागा खाते खरी, (६) वारा अडवते. ‘घड लागलेली’ तोडू नका, ते नुसतं केळीचं विशेषण आहे.

मग एकेक तुकडा बोटाने झाकून बाकीचं वाचा. पाचवा झाकला तरी भागतं. चौथा झाकला, तर हे सगळं लिहिलं कशाला तेच कळत नाही. म्हणजे चौथा हा गाभा. विल्यम मान आणि सँड्रा थॉम्पसन या अभ्यासकांनी १९८८ साली सविस्तर मांडलेल्या ‘रेटॉरिकल स्ट्रक्चर थिअरी’त, म्हणजे मजकुरातली अशी नाती उकलण्याच्या पद्धतीत, त्याला न्यूक्लियस म्हणतात, आणि त्याच्या आधाराने उभ्या तुकड्याला सॅटेलाइट.

आता तुकड्यांमधल्या नात्यांना नावं द्यायची. इथेच बहुतेक जण घसरतात, कारण ते जोडशब्दावर विसंबतात. ही दोन वाक्यं बघा:

‘केळी आडवी झाली, कारण वजन वरती होतं.’
‘रात्री वारा सुटला असणार, कारण पानं फाटलीत.’

पहिल्यात वजनाने केळी पाडली. दुसऱ्यात फाटक्या पानांनी काही वारा सोडला नाही! ती पानं म्हणजे लिहिणाऱ्याने पुढे केलेला पुरावा. शब्द एकच, नाती दोन. ओळखायची सोपी खूण: ‘कारण’च्या जागी ‘कशावरून? तर’ घालून बघा. दुसऱ्या वाक्यात ते चपखल बसतं, पहिल्यात अडखळतं. उलट ‘छत्री घे, आभाळ आलंय’ यात जोडशब्दच नाही, तरी नातं पक्कं आहे.

(५) आणि (६) सोपे. मराठीतलं ‘खरी’ आधीच सांगून ठेवतं की पुढे ‘पण’ येतोय. या नात्याचं नाव ‘सवलत’: समोरच्याची हरकत आधी मान्य करायची आणि आपला मुद्दा पुढे दामटायचा. गाभा (६).

शेवटी आकृती काढा. (१) आणि (३) दोन्ही (२)ला जोडा: पहिला प्रसंग सांगतो, तिसरा कारण. मग (१) ते (३) हा अख्खा गठ्ठा आणि (५)-(६)ची जोडी, दोन्ही (४)ला टांगा.

(१)–(३)चं (४)शी नातं कोणतं, यावर वाद होईल. कुणी ‘समर्थन’ लिहील. मी ‘प्रेरणा’ लिहीन, कारण लिहिणाऱ्याला वाचणाऱ्याच्या हातून शेवरी लावून घ्यायची आहे. मान-थॉम्पसन यांनाही एका मजकुराच्या एकाहून जास्त उकली चालतात, तेव्हा दोन्ही आकृत्या वहीत राहू द्या.