खाली बसवलेल्या गाडीचा कॅम्बर कसा लावायचा

गाडी खाली आणण्यासाठी लोअरिंग स्प्रिंग किंवा कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला, उंची बदलता येणारा संच) बसवले की पुढची चाकं वरच्या बाजूने आत झुकतात. हा निगेटिव्ह कॅम्बर. तो जास्त राहिला तर टायर आतल्या कडेने झिजतो, आणि टो (वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर किती वळली आहेत ते) बिघडलेला असेल तर फारच लवकर.

नवीन स्प्रिंग आधी बसू द्या. दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी चालवा. बेळगावहून गोव्याकडे जाणारा जांबोटी-चोर्ल्याचा रस्ता त्याला पुरेसा आहे. मग टायरची हवा सारखी करा, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणारा दांडा) रबरी बुश आणि बॉल जॉइंट तपासा. ढिला बुश असताना केलेलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, टिकत नाही. आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळा, नाहीतर बुश पिळून फाटतो.

मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) असेल आणि तो नकलला (चाकाचा हब धरणारा भाग) दोन बोल्टांनी जोडलेला असेल, तर त्यांपैकी कॅम्बर बोल्टच्या किटमध्ये सांगितलेल्या जागी एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट (फिरवला की चाकाचा झुकाव बदलणारा बोल्ट) घाला. चाक मोकळं लटकलेलं असताना बोल्ट फिरवा, नट आवळा, गाडी खाली घ्या, पुढे-मागे ढकला आणि मगच माप घ्या. रोजच्या वापराला उणे अर्धा ते उणे दीड अंश ठीक. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक नको, गाडी एका बाजूला ओढते. नट टॉर्क रेंचनेच, किटच्या आकड्यावर. कमी आवळला तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात बोल्ट सरकतो, आणि पावसाळ्यानंतर आपल्याकडे खड्ड्यांना काय तोटा! म्हणून नट आणि नकलवर रंगाची एक सरळ रेघ ओढा. सरकला की लगेच दिसतं.

टो मात्र सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलला की टो हलतोच, त्यामुळे बेळगावच्या उद्यमबागेत किंवा निपाणीत, जिथे कुठे अलाइनमेंट कराल, तिथे हा क्रम आधीच सांगा.